समासातल्या रेघा

"बाबा, हे तुम्ही मला हौसेनं दिलंत?" लेक दुकानाच्या दारातूनच कडाडली. ड्यूटी संपवून ती थेट आली होती. अंगावर अजून नर्सचा गणवेश, हातात लाल कापडी बांधणीची जुनी कादंबरी.

बाइंडरने खळीचं भांडं बाजूला सारलं. "का गं? शिवण उसवली?"

"तुमची शिवण कसली उसवते! तुमच्या सेनापतीनं तोंड उघडलंय. ऐका." तिने एकशे बारावं पान काढलं. "'ही काळ्या कातडीची माणसं गुरांच्याच मातीची. चाबकाखेरीज यांना भाषा कळत नाही.' असं अकरा ठिकाणी आहे, बाबा!"

"छे! भलतंच काय!" त्याने पुस्तक ओढून घेतलं. ते त्याचा जीव की प्राण. लहानपणी आईने इतक्यांदा वाचून दाखवलं होतं की त्याला तोंडपाठ होतं. स्वतः वाचायची गरजच पडली नाही. बाइंडरचं लक्ष तसंही पानांच्या आकड्यांवर, मजकुराकडे बघतो कोण? त्यातल्या शूर सेनापतीवर पोरगा असा लट्टू, की आई त्याला सेनापतीच म्हणायला लागली. पन्नास वर्षं सगळी गल्ली त्याच नावाने हाक मारत होती.

आता त्याने वाचलं. मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. ते बोट काळं कुळकुळीत होतं, आईचं होतं तसंच.

"आई हे वाचायची नाही," तो पुटपुटला.

"आजी गाळायची, बाबा."

लेकीच्या वाढदिवसासाठी महिन्यापूर्वी त्याने नव्याने बांधायला पुस्तक उसवलं, तेव्हा समासात ठिकठिकाणी पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. कुणीतरी गिरगटलंय, असं समजून त्याने दिवसभर बसून खोडरबराने सगळ्या पुसल्या होत्या. काम कसं चकाचक हवं ना! त्याने पान उजेडात तिरकं धरलं. रेघांचे वळ अजून दिसत होते, नेमके त्याच ओळींशेजारी.

तो स्टुलावर बसला. "सेनापतीनं दगा दिला गं मला. गोष्टीत तो मेला त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. आणि तो मला गुरांत मोजत होता."

लेकीने त्याच्या हातातलं पुस्तक घेऊन मिटलं.

"आणि आई! रोज हे गिळायची आणि हसून पुढचं वाचायची. मी मोठा झाल्यावर तरी सांगायचं होतं, की बाबा रे, हा आपला नाही."

"ती पानं काढून टाकता का?" लेकीने हळूच विचारलं. "तुम्हाला काय अवघड आहे? कुणाला कळणारही नाही."

"एकही काढायचं नाही. काढली की तो पुन्हा चांगला होईल."

बाहेर कागदवाल्याची गाडी थांबली. "ओ सेनापती! रिमं उतरवू का?"

एरवी तो छाती काढून "उतरव, शिपाई!" असं ओरडायचा. आज मान खाली घालून खळ ढवळत राहिला. दुसरी हाक आली. तिसरीही आली.

शेवटी तो हात पुसत दारात गेला.

"इथं बाइंडर असतो," तो म्हणाला. "उतरव."