टँक शब्दाचा सातबारा

तळवलीच्या माणसाबरोबर बसने वाशीला निघालात, की वाटेतला एकही कारखाना गुमान मागे जात नाही. "हितं आमची खाचरं होती." "ती चिमणी दिसते ना, तितं माझ्या आजाचं खळं होतं." ऐकणाऱ्याला वाटावं, ठाणे-बेलापूर रस्ता याच्या अंगणातूनच काढलाय. आणि गंमत अशी, की बहुतेक वेळा ते खरंच असतं.

हिरामण गुरुजी याच गावचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचीही जमीन सरकारने घेतली आणि तिच्यावर रंगाचा कारखाना उभा राहिला. इतरांनी आपल्या गेलेल्या शेतांवर समाधान मानलं, पण गुरुजी पडले शिकलेले. त्यांनी थेट इंग्रजी भाषेवर दावा ठोकला.

"ऑफिस म्हणजे काय? आपली ओसरी. साहेब आला, ओसरीवर बसला, ओसरीचं ऑफिस केलं." देवळाच्या कट्ट्यावर ते असं छातीठोकपणे सांगत. बाटलीची बॉटल झाली, हा शोधही त्यांचाच. कुणी पुरावा मागितला, तर उत्तर तयार असायचं, "सातबाऱ्यावर आजाचं नाव होतं, तरी जमीन गेली. आता शब्दाला कंचा कागद दाखवू?" यावर कट्ट्यावर कुणाची बोलायची प्राज्ञा नसे. फक्त त्यांची बायको पुतळा भाकऱ्या थापताथापता म्हणायची, "ह्यांना एक दिवस कुनीतरी बरोबर धरनार हाय."

गुरुजींची धाकटी मुलगी रंजिता दहावीत होती. मुलगी हुशार, पण मागल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात भाषण करताना ती 'पाणी'ला 'पानी' म्हणाली आणि कारखान्याच्या कॉलनीतली पोरं फिदीफिदी हसली. रंजिता भाषण अर्धवट टाकून खाली उतरली ती उतरलीच. त्यानंतर वर्गात साधा धडा वाचायलासुद्धा ती उभी राहत नव्हती. गुरुजींच्या जिवाला हे फार लागलं होतं. जमीन गेली तेव्हा ते चारचौघांत बोलले, भांडले, मोर्च्यालाही गेले. पोरीचा आवाज गेला, त्याचा मोर्चा कुठे न्यायचा?

म्हणून वाशीच्या एका शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत तिने आपणहून नाव दिलं, तेव्हा गुरुजींना आभाळ ठेंगणं झालं. विषय होता, 'एका शब्दाचा प्रवास'.

"बाबा, तुमचे ते इंग्रजी शब्द सांगा ना," रंजिता वही घेऊन बसली. "सगले सांगा."

गुरुजींनी सांगितले. शेवटी सुपारीचं खांड तोंडात टाकावं तितक्या सहज एक नवाही टाकला, "आनि टँक. देवलामागं दगडाचं टाकं होतं ना, पान्याचं? ते साहेबानं बघितलं. टाक्याचा टँक केला." हा शब्द त्यांनी त्याच क्षणी रचला होता. दुसऱ्या दिवशी ते विसरूनही गेले.

पुढचे पंधरा दिवस रंजिता शाळेतून उशिरा येत होती. मैत्रिणींबरोबर तयारी करत असेल, अशी गुरुजींनी समजूत करून घेतली.

रविवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून गुरुजी वाशीच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसले. फळ्यावर स्पर्धकांची नावं आणि त्यांचे शब्द लिहिले होते. रंजितापुढे लिहिलं होतं, 'टँक'. गुरुजींची मान कौतुकाने ताठ झाली. मग त्यांची नजर परीक्षकांच्या टेबलाकडे गेली आणि ती मान खाली आली.

टेबलाशी शकिला मॅडम बसल्या होत्या. मूळच्या उरणकडच्या, कॉलेजात वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या. त्यांच्यासमोर मसाल्याच्या पाट्याएवढा जाडजूड शब्दकोश होता, आणि प्रत्येक मुलाचं भाषण झालं की त्या तो उघडून काहीतरी ताडून बघत होत्या.

गुरुजींना पुढचं सगळं दिसायला लागलं. आता पोरगी सगळ्यांपुढे आपली थाप सांगणार, बाई पुस्तक उघडणार आणि हॉल पुन्हा हसणार. यावेळी ती खाली उतरली, तर जन्मात परत चढायची नाही. आणि करणी कुणाची, तर बापाची!

स्पर्धक बाजूच्या खोलीत बसले होते; गुरुजींनी तिच्या दारावरच्या शिपायाला गाठलं. "त्या तळवलीच्या मुलीला जरा बाहेर बोलवा. म्हनावं, घरून निरोप आलाय, आईच्या पोटात दुखतंय."

शिपाई आत जाऊन परत आला. "ती म्हणते, आई तिच्या शेजारीच बसलीये. तिचं पोट बरंय."

पुतळा परस्पर आत जाऊन बसली होती, हे गुरुजींना ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात रंजिताचं नाव पुकारलं गेलं आणि गुरुजींना जागेवर परतावं लागलं.

ती आली, माइक खाली ओढला आणि बोलू लागली. इमारतीच्या गच्चीवर टँक, स्कूटरच्या सीटपुढे टँक, दिवाणखान्यात माशांचा टँक. जुने इंग्रज तर आपल्याकडच्या अख्ख्या तलावालाच टँक म्हणायचे. आणि रणगाडा? पहिल्या महायुद्धात तो गुपचूप तयार होत होता. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून इंग्रजांनी उठवून दिलं, की या पाण्याच्या टाक्या आहेत. सोंगासाठी घेतलेलं नाव कायमचं चिकटलं. बोलण्याच्या ओघात ती दोनदा 'पानी' म्हणाली. ऐकण्यात गुंगलेल्या हॉलमध्ये कुणाला हसायचं सुचलं नाही.

"पण हा शब्द इंग्रजांकडे आला कुठून?" रंजिता थांबली, हसली. "आपल्या टाक्यावरून!"

शकिला मॅडमचा हात शब्दकोशाकडे गेला. गुरुजी ताडकन उभे राहिले.

"थांबा, मॅडम! पोरीची चूक नाय. ती थाप माझी हाय. मीच रचली. मार्क कापायचे तर माझे कापा!"

हॉल खो-खो हसला. रंजिताचा चेहरा पांढराफटक पडला. पण तिने माइक सोडला नाही.

"काका, खाली बसा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पान काढलं, चष्मा सावरला आणि मोठ्याने सांगितलं, "टँक. मूळ, गुजराती किंवा मराठी. टांकुं, टाकं, पाणी साठवण्याची जागा. तुम्ही रचली म्हणता, पण तुमच्या आधी हे लोक छापून बसलेत. पोर्तुगीजांचाही त्यात थोडा हात असावा."

"मॅडम," रंजिता माइकमधून म्हणाली, "पोर्तुगीज माझ्या पुढच्याच वाक्यात हायेत."

टाळ्या पडल्या. रंजिताने पोर्तुगीजांना आणलं, त्यांना त्यांच्या वाट्याचं श्रेय दिलं आणि भाषण पूर्ण करूनच खाली उतरली. वडिलांच्या भाषणामुळे वेळ जास्त झाला म्हणून तिचे दोन गुण कापले गेले आणि पहिला नंबर दुसऱ्यावर आला.

बाहेर गुरुजींनी तिघांसाठी उसाचा रस मागवला. रंजिता ग्लासाला हात लावेना.

"तुला माहीत होतं?" त्यांनी चाचरत विचारलं.

"तुमचे आठ शब्द घेऊन मी पंधरा दिवस लायब्ररीत बसले. आठी तपासले. सात खोटे निघाले. एक खरा, तो घेतला."

"मग घरात बोलली का नाय?"

"तुमाला कट्ट्यावर बसायचं असतं ना." तिचे डोळे भरून आले. "तुमी थापा मारता त्याचा राग नाय, बाबा. न बघता मी कायपन बोलेन असं तुमाला वाटलं, त्याचा हाय."

गुरुजींना इतकी लाज वाटली, की कुठल्याच भाषेतला शब्द त्यांना सापडेना. पुतळाने नुसतं नवऱ्याकडे बघून रसाचा घोट घेतला, त्यात सगळं आलं.

"आठातला एक," रसाच्या ग्लासात बघत गुरुजी पुटपुटले. "म्हंजे साडेबारा टक्के झाले. घेतलेल्या जमिनीचे सरकार पन तेवढेच परत देनार म्हनतं."

रंजिताने डोळे पुसले आणि ग्लास उचलला.

"सरकार नुसतं म्हनतं, बाबा," ती म्हणाली. "मी देऊन मोकली झाले."