कंबर चोवीस, सैल ठेवा

मित्रांनो, ज्या विश्वासावर हे जग चालते, तो विश्वास माझ्या पानापानांवर छापलेला असतो. निदान ज्या दिवशी प्रिंटरमध्ये शाई असेल त्या दिवशी.

मी एक जुने पासबुक आहे. वय वर्षे सहा. आमच्यात याला म्हातारपण म्हणतात. एका छापखान्यात माझ्यासारख्या हजार भावंडांना एकाच यंत्राने टाचण्या मारल्या, आणि आम्ही बँकेच्या कपाटात कोरे पडून राहिलो. मग एके दिवशी काउंटरवरच्या बाईंनी मला उचलले, माझ्या पहिल्या पानावर एक नाव लिहिले आणि मी मास्तरांच्या स्वाधीन झाले.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हे, शिलाईचे. पण शाळेशी त्यांचा संबंध शिक्षकांपेक्षा जवळचा होता, कारण शाळेतल्या प्रत्येक मुलाची कंबर त्यांना ठाऊक होती. घराच्या पुढच्या खोलीत ते गणवेश शिवत. मागच्या खोलीत त्यांची बायको काजे करी आणि बटणे लावी. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत.

मास्तरांचा फोन बटणांचा होता आणि विश्वास छापील कागदावर. दर शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून मला बँकेत नेत, छापून घेत आणि घरी येईपर्यंत रस्त्यातच दोनदा वाचत. माझ्या कव्हरला त्यांनी उरलेल्या अस्तराची पिशवी शिवली होती. असे लाड इतर पासबुकांच्या वाट्याला येत नाहीत. बरीचशी फ्रिजवर धूळ खातात.

आता घोटाळा कुठे झाला ते सांगते. मास्तरांची मापांची एक वही होती. गेल्या वर्षी तिची पाने मास्तरीणबाईंनी बटणांच्या पुड्या बांधायला वापरली. त्यामुळे चौथीतल्या एका मुलाला दहावीतल्या भावाची पँट मिळाली आणि त्याने ती काखेत धरून पहिला दिवस काढला. म्हणून यंदा मास्तरांनी एक शोध लावला. पालकांनी माप घरीच घ्यायचे आणि शिलाईचे पैसे खात्यात पाठवताना निरोपाच्या ओळीत ते लिहायचे. ती ओळ पासबुकात छापून येते. पासबुकाच्या पुड्या कोण बांधणार?

शोध चालला. दोन शनिवारांत माझ्या पानांवर एकाच रकमेच्या त्रेसष्ट नोंदी आल्या, त्रेसष्ट वेगवेगळ्या माणसांकडून. त्यांच्यापुढे लिहिले होते ‘छाती २६ कंबर २४’, ‘छाती ३० पोट सुटलंय’, ‘उंची ५० मागच्यासारखं नको’. मास्तर मला मशीनवर उघडे ठेवत आणि माझ्याकडे बघून कापडावर खडूच्या रेघा ओढत. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस होते. पासबुकाचा उपयोग होतो असे मी तोवर फक्त ऐकून होते.

बेचाळीस गणवेश तयार झाले आणि एक पत्र आले. मास्तरांनी ते मोठ्याने वाचले. “आपल्याशी असलेले संबंध पुढे चालू ठेवणे बँकेस शक्य नाही. आपले खाते बंद करण्यात आले आहे. कारण कळवण्यास बँक बांधील नाही.”

“म्हणजे काय?” मास्तरीणबाई म्हणाल्या. “सोयरीक मोडली की काय त्यांनी?”

“खातं बंद केलंय अगं.”

“पण तुम्ही केलंत काय?”

मास्तरांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. दाराबाहेरून कुणी ऐकत नाही ना, ते पाहिले. “हेच,” ते हळू आवाजात म्हणाले. “तूसुद्धा हेच विचारलंस. मग लोक काय म्हणतील?”

मास्तरांना पैशांची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी ही होती. त्रेसष्ट घरांनी आगाऊ पैसे दिले होते. त्यांच्या कानावर गेले की शिंप्याचे खाते बँकेने बंद केले, तर शिंप्याने काहीतरी केलेच असणार, असे सगळे धरून चालणार. शाळा आठ दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी दोघे मला घेऊन बँकेत आले. काउंटरवर त्याच बाई होत्या, ज्यांनी माझे बारसे केले होते.

“मॅडम, कारण तरी सांगा,” मास्तर म्हणाले.

“मला नाही माहीत हो मास्तर. वरून आलंय.”

मास्तरीणबाईंनी वर पाहिले. वर पंखा होता.

“सिस्टीममध्ये जे आलंय ते आलंय,” बाई म्हणाल्या. “शिल्लक रकमेचा चेक तयार आहे. पासबुक जमा करा आणि घेऊन जा.”

मास्तरांचा हात माझ्यावर घट्ट झाला. “पासबुक कशाला?”

“खातं बंद झालं की पासबुक बँकेचं.”

एकवीस मुलांची मापे माझ्या पोटात होती. पालकांना ती पुन्हा विचारता आली असती, पण मग ‘पासबुकात होती ना?’ हा प्रश्न आला असता, आणि त्याच्या मागोमाग बाकीचे सगळे.  मला दोन्ही हातांनी धरून, चेककडे बघत मास्तर उभे राहिले.

बाईंनी आवाज खाली आणला. “मास्तर, खरं सांगा. काय केलंत तुम्ही?”

“बेचाळीस गणवेश,” मास्तर म्हणाले. “एकवीस बाकी आहेत. मापं यात आहेत.”

बाईंनी मला ओढून घेतले आणि उघडले. सहा वर्षे त्यांनी मला छापले होते, वाचले मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. एकच रक्कम, त्रेसष्ट वेगवेगळी नावे आणि प्रत्येकापुढे आकडे. त्यांचे बोट एका ओळीवर थांबले. ‘कंबर २४ सैल ठेवा’. ही ओळ त्यांनी स्वतः पाठवली होती, मुलीच्या स्कर्टसाठी.

त्यांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. जे वर कुठेतरी एखाद्या यंत्राला सांकेतिक भाषा वाटले असावे, ते तिघांच्याही ध्यानात आले.  पण ते सांगायचे कुणाला?

“मला रद्दचा शिक्का शोधायला वेळ लागेल,” बाई म्हणाल्या. “तोवर घ्या उतरवून.”

शिक्का त्यांच्या हाताशीच होता. त्यांनी त्याच्यावर टॉवेल टाकला.

मग मास्तरीणबाई मला वाचू लागल्या आणि मास्तर पैसे भरायच्या स्लिपांच्या मागे लिहू लागले. काउंटरवरच्या पेनाची दोरी आखूड, त्यामुळे त्यांना कंबरेत वाकून लिहावे लागले. मागे रांग वाढली. “अहो, कविता लिहिताय का?” कुणीतरी ओरडले. एकविसावे माप उतरले, तेव्हा बाईंना शिक्का सापडला. त्यांनी माझा एक कोपरा कापला आणि मला खणात टाकले. अस्तराची पिशवी मास्तर विसरले की त्यांनी मुद्दाम ठेवली, ते मला कळले नाही.

पुढचे मी खणातूनच ऐकले. आठवड्याने मास्तर पुन्हा आले. चेक फक्त खात्यात जमा होणारा होता आणि खाते तर नव्हते. दुसऱ्या बँकेत अर्ज केला, तर तिथे विचारले, पहिले खाते का बंद झाले?

“मग काय सांगितलंत?” बाईंनी विचारले.

“म्हटलं, कळलं तर मलाही सांगा.”

त्या दुपारी बाई डबा न खाता रस्त्यापलीकडच्या पतसंस्थेत गेल्या. तिथे त्यांचे स्वतःचे खाते होते. मास्तरांच्या तिथल्या नव्या खात्याच्या अर्जावर ओळख देणाऱ्याच्या जागी त्यांनी सही केली. शाळेच्या फाटकापाशीही त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. हे त्यांनी शेजारच्या कारकुनाला सांगितले, तेवढेच. मास्तरांचे नाव आजही शाबूत आहे. बँकेचे कारण अजून आलेले नाही.

मित्रांनो, जाता जाता माझे एवढेच मागणे आहे. पासबुक फ्रिजवर टाकू नका. आणि उद्या मोठे होऊन कुणाचे काही बंद करायची पाळी तुमच्यावर आली, तर त्याचे पान आधी एकदा उघडून वाचा. माझी सगळी पाने वाचायला चार मिनिटे लागतात. बाईंना तर तीनच लागली.

त्रेसष्ट गणवेश वेळेवर पोचले. बाईंनी मुलीची कंबर फ्रॉकवरून मोजली होती, त्यामुळे तिचा स्कर्ट दोन इंच सैल झाला. ती सध्या पिन लावून शाळेत जाते.