उत्तमरावांच्या विहिरीचं चारित्र्य

जानेफळात उत्तमरावांच्या विहिरीवर चार महिन्यांपासून ग्रामपंचायतीची पाटी होती : 'हे पाणी पिऊ नये.' पावसाळ्यात फवारणीचे पंप कोणीतरी विहिरीच्या काठावरच धुतले होते आणि पाण्याला औषधाचा वास सुटला होता. पंप खुद्द उत्तमरावांनीच धुतले होते, पण ही माहिती त्यांनी अजून स्वतःलाही दिली नव्हती.

पाटीचं त्यांना एवढं काही नव्हतं. पण झुंबरबाई, म्हणजे सख्खी बायको, रोज त्यांच्या डोळ्यांदेखत शेजारच्या सहदेवच्या बोअरवरून हंडा भरून आणायची.

"आजोबानं खणली ना ही विहीर! मग काऊन तिकडे जातं?"

"विहीर आपली हाये, अन् पोटबी आपलंच हाये."

शेवटी उत्तमराव बुलढाण्याच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या अदीबा मॅडमनी तपकिरी काचेची बाटली हातात ठेवली आणि बजावलं, "काका, काठोकाठ भरा. पाण्याशिवाय आत काही नको."

बाटली परत आली तेव्हा मॅडमनी त्यांना मशीन दाखवलं. आत केसासारखी बारीक, तीस मीटर लांब नळी गुंडाळलेली. पाण्यातून काढलेली रसायनं वायू होऊन तीतून निघतात आणि प्रत्येक जण आपापल्या वेळेला बाहेर पडतो. उत्तमरावांना हे लगेच पटलं. मेहकरच्या एस.टी.तून माणसं अशीच आपापल्या थांब्यावर उतरतात.

चार दिवसांनी मॅडमनी बोलावलं. कागदावरच्या आलेखात एक टोक महादेवाच्या कळसासारखं उभं होतं. उत्तमरावांनी त्यावर बोट ठेवलं.

"विष हाये का?"

"कापूर आहे. एवढा, की त्याच्या आजूबाजूचं काही धड दिसत नाही. बाटलीत काय टाकलं होतं?"

"टाकलं काही नाही. जरासा भीमसेनी अन् तुळशीचं पान. विहीर पहिल्यांदा परीक्षेले चालली होती, मॅडम. तसंच कोरडं पाठवू का?"

अदीबा मॅडम हसल्या नाहीत. "नमुना पवित्र झालाय, काका. पवित्र नमुना चालत नाही. दुसरा आणा."

दुसरी बाटली झुंबरबाईनं स्वतः भरली. नवऱ्याला तिनं विहिरीपासून वीस पावलं लांब उभं केलं आणि निकालालाही ती सोबत आली.

"फवारणीच्या औषधाचा अंश आहे," मॅडम म्हणाल्या, "पण मर्यादेच्या विसाव्या भागाइतका. प्यायला हरकत नाही. फक्त यापुढे पंप तिथे धुऊ नका. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू."

"मी सांगतो हो, पण लोकं आयकत नाहीत."

"लोकाईचं नाव काऊन घेता?" झुंबरबाई शांतपणे म्हणाली.

उत्तमरावांनी त्या तीस मीटर नळीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "मीच धुतले होते."

घरी आल्यावर त्यांनी पंप धुवायचा दगड शेताच्या पार खालच्या धुऱ्यावर, बांधावर, नेऊन टाकला, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या समोर. आठवड्याभरात कागद बघून ग्रामपंचायतीनं पाटी काढली. लावताना दोन मिनिटं लागली होती. काढायला तीन सह्या लागल्या.

झुंबरबाईनं बादली सोडली, ओढली आणि ती ओंजळ भरून पाणी प्यायली. उत्तमराव काठाशी आले.

"कसं लागते?"

तिनं तोंड पुसलं, हंडा विहिरीच्या काठावर टेकवला.

"पाण्यावानी."