तैयबाच्या गलबताचं सुकाणू

दादू सुतार नांगर करायचा, गाडीची चाकं करायचा. पण त्याचा जीव अडकला होता तो पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरलेल्या वीतभर गलबतांत. मांडव्याजवळच्या टेकडीवर पिराचा उरूस भरला की तो टोपली घेऊन पायरीशी बसे. ज्या घरचा माणूस दर्यावर, त्या घरच्या बाईनं गलबत विकत घ्यायचं आणि मुजावराकडून दर्ग्यात आढ्याला टांगून घ्यायचं, अशी तिथली रीत. एकदा टांगलेलं गलबत पुढच्या उरुसापर्यंत कुणी उतरवत नसे. दादूचं गलबत टांगलं की माणूस घरी येतोच, अशी त्याच्या हाताची ख्याती होती. अशी ख्याती अंगावर कशी उलटते, ते त्याला १९२९ सालच्या उरुसात कळलं.

सकाळी पहिलं गलबत तैयबानं नेलं. तिचा नवरा शब्बीर नाखवा मलबाराहून कौलं भरून आठ दिवसांपूर्वीच यायचा होता. रेवसला आगबोटीनं उतरणाऱ्या एकाही माणसानं त्याचं शीड पाहिलं नव्हतं.

दुपारी दादू डोकं टेकायला आत गेला आणि सहज वर बघितलं. तैयबाचं गलबत वाऱ्यावर हलत होतं. शीड झकास, डोलकाठी सरळ. मागची बाजू मात्र बोडकी. सुकाणू नव्हतं!

सुकाणू तो सगळ्यात शेवटी बाभळीच्या काट्यानं बसवी. भाताची झोडणी चालू असताना त्यानं घाईघाईत डझनभर गलबतं पुरी केली होती. हिचं बसवलं की राहिलं? काही केल्या आठवेना.

"इक्बालचाचा, तेवढं खाली घ्या. एक काटा ठोकतो न् परत देतो."

"तौबा!" म्हातारा मुजावर कडाडला. "पिराच्या हवाली केलेली चीज परत मागतोस?"

मागं नीराबाई कोळीण आपलं गलबत घेऊन उभी होती. तिनं मान वर केली. "अगो बाय! बिनसुकाणूचं?"

झालं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं! दादू पायरीशी पोचेस्तोवर बातमी त्याच्या आधी पोचली होती. नीराबाईनं गलबत टोपलीत परत ठेवलं. "माझा धनी दर्यावर हाय, दादू. मना नको तुझं." तिच्या मागून आणखी दोघींनी ठेवलं.

मुजावराच्या धसमुसळ्या हातानं पडलं असेल, असं म्हणायचं दादूच्या अगदी ओठावर आलं होतं. म्हटलं असतं तर खपलंही असतं. पण चिंचेखाली बसलेली तैयबा समुद्राकडे बघत होती, आणि तिच्यासमोर खोटं बोलायची त्याला लाज वाटली. तो तसाच तिच्याकडे गेला. बायका मागोमाग आल्या.

"भाभी, माजी चूक झाली. तुमच्या गलबताला सुकाणू बसवायचं माज्याकडनं ऱ्हायलं. शब्बीरभायचं काय वाईट झालं, तर त्ये माज्या हातानं व्हईल."

दादूला वाटलं, आता ही शिव्याशाप देणार. पण तिनं ओढणीची गाठ सोडली. आत बोटाच्या पेराएवढं सुकाणू होतं, काट्यासकट.

"तू इसरला न्हाईस, दादूभाय. टांगायला देताना मीच काढून घेतलं." "वारा-पानी पिरानं सांबाळावं. पन गलबत घराकडं वळवायचं काम मी कुनालाच देनार न्हाय. पिराला पन न्हाय."



नीराबाई माघारी पायरीशी गेली. टोपलीतून आपलं गलबत उचललं, मागचा काटा दातांनी उपटला आणि सुकाणू पदराला गच्च बांधलं.