माझ्या मानेला जेरबंद

मी एक जुनी सायकल आहे, आणि मित्रांनो, मी अजून रागात आहे. माझे हँडल गंजले, सीटचे चामडे फाटले, त्याचे मला काही वाटत नाही. पण मला घोडी समजून वागवले गेले, ते मी विसरणार नाही.

देवासचे संस्थान विलीन झाले तेव्हा पागेतले घोडे विकले गेले, आणि पागेचे दरोगा उदाजीराव यांनी मला घरी आणले. जन्मभर घोड्यांत वावरलेला माणूस! त्यांनी मला रिकाम्या तबेल्यात उभी केली, माझे नाव बिजली ठेवले आणि खंडेनवमीला हळदकुंकू लावून माझ्यापुढे चक्क भिजवलेले हरभरे ठेवले. येणारेजाणारे माझा थाट पाहून कौतुक करीत. तेलाचा एक थेंब मात्र कुणाला सुचला नाही.

माझी मान म्हणजे हँडलच्या खालची जागा. तिथूनच पुढचे चाक धरणारा चिमटा खाली उतरतो. मानेतल्या वाटीत लोखंडी छर्रे असतात, त्यांच्यावर तो फिरतो. छर्रे कोरडे घासत राहिले, वाटी झिजली, मान ढिली पडली, आणि पुढचा ब्रेक दाबला की चिमटा थरथरू लागला.

त्या वेळी मला उदाजीरावांची मुलगी वासंती चालवत असे. तिला मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिकेची नोकरी लागली होती. वडिलांनी परवानगी दिली होती ती एकाच अटीवर: एकदा जरी पडली तरी नोकरी बंद. बिचारी टेकडीजवळच्या उतारावर जीव मुठीत धरून ब्रेक दाबायची. शेवटी तिने घाबरत घाबरत ही थरथर वडिलांच्या कानावर घातली.

उदाजीराव माझ्याभोवती फिरले आणि निकाल देऊन मोकळे झाले. म्हणे, लगाम ओढला की मुंडी हलवते, हिला जेरबंद हवा. घोड्याने डोके उडवू नये म्हणून बांधतात तो पट्टा म्हणजे जेरबंद. जुन्या खोगिराचा पट्टा काढून त्यांनी माझे हँडल खालच्या दांडीला आवळून टाकले. थरथर कमी झाली, घरात सगळ्यांनी त्यांची वाहवा केली. मी आतल्या आत धुमसत होते. आता मी नीट वळायचे कसे, हे कुणी विचारलेच नाही.

आणि व्हायचे तेच झाले. उतारावर एक शेळी आडवी आली. वासंतीने ब्रेक दाबून हँडल फिरवले, पण पट्ट्याने मला वळू दिले नाही. आम्ही दोघी नालीत पडलो. तिचा कोपर फुटला.

लोकांनी आम्हाला घरी आणले. उदाजीराव म्हणाले, "बस, हो गया. उद्यापासून घरी बसायचं."

वासंती कोपर धरून उभी होती. "आबा, मी पडले नाही," ती म्हणाली. "तुम्ही हिला वळूच दिलं नाहीत."

उदाजीराव माझ्याजवळ आले. त्यांनी पट्टा सोडला. लंगड्या घोड्याचा पाय चाचपावा तसा एक हात माझ्या मानेवर ठेवला, दुसऱ्या हाताने ब्रेक दाबला आणि मला हळूच पुढेमागे ढकलले. आत टक् टक् झाले. ते त्यांच्या तळव्याला कळले.

"इथं ठणकतंय हिला," ते म्हणाले.

हाच हात आधी ठेवला असता तर? माझा संताप संताप झाला.

सायकलच्या दुकानात गणोजी मिस्त्रींनी चिमटा उतरवला, नवी वाटी बसवली, ग्रीसमध्ये नवे छर्रे लावले आणि टक् टक् थांबेपर्यंत नट कसला. उदाजीराव तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मालकासाठी घोडा धरून उभे राहावे तसे ते मला धरून दारात उभे होते. वासंती हाताला पट्टी बांधून बाहेर आली.

"शाळेला उशीर होतोय," एवढेच ते म्हणाले.

म्हणून सांगते मित्रांनो, जे थरथरते त्याला बांधू नका. आधी हात लावून पाहा, कुठे दुखते ते. आणि खंडेनवमीचे हरभरे तुमचे तुम्हीच खा, मला तेल द्या.