राउटरचं दुखणं

त्या आठवड्यात राउटरने चौथ्यांदा मान टाकली, तेव्हा सून एका बाईच्या मेंदूचं स्कॅन उघडत होती. ती घरी बसून दोन रुग्णालयांसाठी एक्स-रे आणि स्कॅन वाचायची. तीनशेच्या वर चित्रं होती. निम्मी आली आणि पडद्यावरचं चाक गरगरत बसलं. तिकडे डॉक्टर फोन धरून उभे.

"बाबा, गेलं!"

"आलो, आलो." सासऱ्यांनी राउटर बंद केला, तीस आकडे मोजले, परत चालू केला. "बघ, आलं की नाही?"

सासऱ्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. नऊ वर्षांपूर्वी राउटर त्यांनीच आणून बसवला होता, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. नवरा या भानगडीत पडत नसे. "तुम्ही दोघं काय ते ठरवा," एवढं बोलून तो मोकळा व्हायचा.

त्या दिवशी मात्र सुनेने विषय काढलाच. "बाबा, नवा घेऊ या. हा म्हातारा झालाय."

शब्द तोंडातून गेल्यावर तिने जीभ चावली. सासरे रागावले नाहीत. "आधी दुखणं तर शोधू. तू तरी न तपासता कुणाला निकालात काढतेस का?"

त्यांना पंधरा दिवस मिळाले.

नोकरीवर हजर व्हावं तसं त्यांनी सकाळी सातलाच टेबल मांडलं. राउटर लोखंडी कपाटामागे होता. तो आधी बाहेर काढला. फोन हातात धरून ते खोल्याखोल्यांतून फिरले आणि कुठे किती वेग मिळतो ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. बाथरूमही सोडलं नाही. शेवटी मधल्या दाराच्या वरची फळी पसंत पडली. मग मीटर आणून त्यांनी अडॅप्टर तपासला आणि सुनेला हाक मारली.

"हे बघ. बारा व्होल्ट द्यायला हवेत, आणि हा साडेनऊवर लटपटतोय. उपाशीपोटी कोण काम करेल?"

नवा अडॅप्टर लावला. पुढचे नऊ दिवस राउटर एकदाही बंद पडला नाही. सुनेची स्कॅन एका दमात उघडू लागली. आपण उगाच घाई केली, असं तिला वाटलं, आणि दहाव्या दिवशी ते सांगायलाच ती त्यांच्या खोलीत गेली.

सासरे चष्मा कपाळावर चढवून कॉम्प्युटरसमोर बसले होते.

"बाबा, राहू दे हा. छान चाललाय."

"नाही. बदलायचा."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"चालतो, ते खरं. पण बस इथे, वाच." पडद्यावर राउटर बनवणाऱ्या कंपनीने दिलेली अपडेट्सची यादी होती. "याच्या सुरक्षेचं शेवटचं अपडेट सहा वर्षांपूर्वी आलंय. पुढे येणार नाही. दोन दिवस शोधतोय, हाती काही लागलं नाही. व्होल्ट कमी पडले ते मी भरून काढले. हे माझ्या हातातलं नाही."

"आपल्या घरात कोण शिरणार आहे, बाबा?"

"आपलं सोड. लोकांच्या डोक्यांची चित्रं यातून येतात तुझ्याकडे. एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, लाइनवर जे कानावर पडेल ते आपलं नाही."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. दहा-बारा दिवसांपूर्वी सुनेला हेच तर हवं होतं, आणि आता ती राउटरची बाजू घेत होती. तिने आणखी एकदा म्हणून पाहिलं, "वर्षभर तरी?" त्यांनी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेली. दुकानदार अँटेनांची संख्या सांगू लागला, तेव्हा सासऱ्यांनी त्याला मध्येच अडवलं. "अपडेट किती वर्षं देणार, तेवढं सांगा." तिसऱ्या खोक्यावर त्यांचं समाधान झालं.

घरी येऊन त्यांनी नवा राउटर फळीवर ठेवला, पासवर्ड घातला, जुन्यातली सगळी माहिती पुसली आणि निकामी यंत्रं गोळा करणाऱ्या केंद्रावर तो स्वतः पायी जाऊन देऊन आले.

"कुठे गेला होतात?" नवऱ्याने विचारलं.

"काम होतं," ते म्हणाले आणि चपला काढून हात धुवायला गेले.

सून आतल्या खोलीत पुढचं स्कॅन वाचत होती. एका माणसाचा गुडघा होता. हाड शाबूत होतं. तिने तसं लिहिलं आणि पाठवून दिलं.