नलूच्या मागून म्हणायचं

बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दुसरंच वर्ष होतं. केळापूरजवळच्या त्या वस्तीत त्रिशरण अजून सगळ्यांच्या तोंडी बसलं नव्हतं. म्हणून एकानं पुढं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून, जसंच्या तसं, अशी रीत पडून गेली होती. बुद्धपौर्णिमेला पुढं म्हणायचा मान नलूला मिळाला. पोर सहा वर्षांची, पण पाठ तिलाच सगळ्यांच्या आधी झालं होतं.

मान मिळाला आणि तिच्या बापानं, डोमाजीनं, घर डोक्यावर घेतलं. पोरगी जेवायला बसली की, "म्हण." अडखळली की, "बह्याड कुठली. गावभर हसं करतं का माह्यं?" नलूचा आवाज बारीक होत होत पार घशातच राहायला लागला. शेजारच्या सुखीबाईनं विचारलंदेखील, "प्रभावती, पोरीले सर्दी झाली का वं?"

"तुमी टपून बसता म्हणून चुकते ते," प्रभावती नवऱ्याला हळूच म्हणाली.

"मंग काय आरती ओवाळू? माह्या बापाले उभ्या जन्मात चारचौघांत तोंड उघडता आलं नाई. हिचं तसं नाई झालं पाह्यजे."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि पोरीचं तोंड तोच मिटवत होता.

पौर्णिमेला पिंपळाखाली सतरंजी भरून गेली. शरण तीनदा जायचं असतं. पहिल्या खेपेचं नलूनं नीट म्हटलं. मग तिची नजर बापाकडे गेली आणि दुसरी खेप गाळून तोंडातून एकदम तिसरीचं 'ततियम्पि' आलं. जाणते मागून म्हणायचे थांबले. डोमाजी गुडघ्यावर उठला. नलूचे ओठ मिटले.

आता हा ओरडला तर ही पुन्हा तोंड उघडायची नाही, हे प्रभावतीला लख्ख कळलं. जिचा आवाज कधी चुलीपलीकडे गेला नव्हता, ती बायकांमधून खणखणीत म्हणाली, "ततियम्पि बुद्धं सरणं गच्छामि." मागून म्हणायची रीतच होती. सगळी वस्ती म्हणाली.

नलूनं लोकांकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"थांबा नं. मधलं राह्यलं. मीच इसरली. आता पुन्हा मांगून म्हणा."

"म्हण वं माय, म्हण," सुखीबाई हसून म्हणाली.

नलूनं दुसरी खेप सुरू केली. डोमाजी अजून गुडघ्यावरच होता. त्याचं तोंड उघडलं तशी प्रभावतीनं मुठी आवळल्या. सगळ्यांच्या जरा उशिरा, पण जसंच्या तसं, तो नलूच्या मागून म्हणाला.